पंचफुलाबाईची दुपार

अकोल्यात उन्हाळ्याचं कौतुक कोणी करत नाही आणि फारशी तक्रारही करत नाही. ऊन आहे म्हणजे आहे. तरी मे महिन्याच्या शेवटी नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की जठारपेठेतल्या भाजीबाजारात दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडण्याआधी विचार करतं. अशा वेळी तुम्ही माझ्या टेलरिंगच्या दुकानासमोर आलात तर जमिनीवर ओली पोती पसरलेली दिसतील. एका पोत्याखाली भाजी असते. दुसऱ्या पोत्याखाली पंचफुलाबाई असते. तिसऱ्याचं पुढं सांगते.

नवीन गिऱ्हाइकं इथं हमखास फसतात. मागे एक बाई गाडीतून उतरल्या, डोळ्याला काळा चष्मा, डोक्यावर छत्री, आणि त्यांनी भाजीवरच्या पोत्याचा कोपरा दोन बोटांच्या चिमटीत धरून वर केला. शेजारच्या पोत्याखालून आवाज आला, "ठेवा थे खाली. बंद हाये."

"अहो, पण तुम्ही तर इथंच आहात."

"मी आहो. पन बंद आहो."

बाई माझ्याकडं बघायला लागल्या, जशी काही मी पंचफुलाबाईची वकीलच. मी मशीनवरून मान न उचलता सांगितलं की उन्हं कलली की या, तोवर काही मिळायचं नाही. "काय हा माज," असं पुटपुटत त्या गाडीत बसल्या. पोत्याखालून लगेच उत्तर गेलं, "हाव, हाये." गाडीच्या काचा वर होत्या, त्यामुळं ते त्यांना ऐकू गेलं नसावं. मला मात्र दिवसभर पुरलं.

मी रागिणी. ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, लग्नसराईत नवऱ्या मुलींच्या आयांच्या शिव्या खाते. पंचफुलाबाईची जागा माझ्या दुकानाच्या पायरीसमोर आहे, त्यामुळं मी तिला कित्येक वर्षं रोज बघते. ती बार्शीटाकळीजवळच्या एका खेड्यातली. घर माळ्याचं. विहिरीखालचा मळा, त्यात वांगी, पालक, चवळीच्या शेंगा, आणि भर उन्हाळ्यात सांबार. सांबार म्हणजे पुण्यामुंबईकडची कोथिंबीर. आमच्याकडं हिवाळ्यात तिला कोणी विचारत नाही, पण मे महिन्यात हिरवागार सांबार दाखवणारा माणूस बाजारात ताठ मानेनं बसतो. पंचफुलाबाई तशी बसते.

उन्हाळ्यात सांबार जगवायचा म्हणजे त्याचे लाड करावे लागतात. शेतात त्याच्यावर हिरवी जाळी ताणलेली. पाणी सकाळ-संध्याकाळ, तेही झारीनं. उजाडायच्या आत तोडायचा, ओल्या फडक्यात गुंडाळायचा, ॲपे रिक्षात सावलीच्या बाजूला ठेवायचा. बाजारात आला की त्याच्यावर ओलं पोतं, आणि पोतं जरा वाळलं की पुन्हा कॅनमधून पाण्याचा शिपका. जावयाला इतकं कोणी करत नाही. आणि हे सगळं करणारी बाई मात्र डोक्यावर पदर घेऊन उघड्या उन्हात बसायची. तिची छत्रीसुद्धा भाजीवर तिरपी केलेली असायची.

गेल्या वर्षीच्या नवतप्यात ती पडली. मी समोरून पाहिलं. सांबारावर पाणी शिंपडून तिनं कॅन खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि बसल्या जागी वांग्यांच्या ढिगावर कलंडली. आम्ही दोघीतिघींनी उचलून तिला माझ्या दुकानात कूलरसमोर आणलं. अंग तव्यासारखं. मी तोंडावर पाणी मारत होते, कोणी तळपायाला कांदा चोळत होतं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. मला वाटलं, पाणी मागेल, नाहीतर मुलाला बोलवा म्हणेल.

"सांबार झाकला का?" तिनं विचारलं.

"झाकलाय, मावशी. पडून राहा."

ती पडून राहिली. पण तिची नजर दाराबाहेर होती, आणि दाराबाहेर तिचा सांबार ओल्या पोत्याखाली, छत्रीच्या सावलीत, मजेत होता. त्या दिवशी सांबाराचं एक पानसुद्धा वाळलं नाही. हिला डॉक्टरकडं नेऊन बाटली लावावी लागली.

बरी होऊन ती परत आली तेव्हा तिच्या गाठोड्यात एक जास्तीचं पोतं होतं. सकाळचा बाजार केला, भाकर खाल्ली, भाजी झाकली. मग दुसरं पोतं पाण्यात बुचकळून, पिळून, स्वतःच्या अंगावर घेतलं आणि छत्रीखाली आडवी झाली. मी मशीन थांबवून पायरीवर आले.

"काय झालं, मावशी? बरं वाटत नाही का?"

"लय बरं वाटून रायलं. तुह्या दुकानात पडली होती ना मी, तवा पाह्यलं. वावरात त्याले सावली, गाडीत त्याले सावली, इतं त्याले सावली. मी का पाल्याहून कमी हाये? दुपारी दोघंबी झाकून रायतो आता."

एवढं बोलून ती झोपली, आणि चक्क घोरायला लागली.

भर बाजारात बाई झोपते म्हणजे काय. लोकांना विषयच मिळाला. शेजारचे भाजीवाले तिला महाराणी म्हणू लागले. कोणी म्हणालं, म्हातारी झाली, आता मुलाच्या हातात द्यावं. पंचफुलाबाई म्हातारी बितारी नाही, सकाळी मळ्यात तिच्या पुढं कोणी सांबाराची जुडी बांधून दाखवावी. ती उठायची उन्हं कलल्यावर, तोंड धुवायची, पोतं झटकायची, आणि संध्याकाळच्या बाजाराला अशी ताजीतवानी बसायची की बाकीचे पेंगत असताना हिचा आवाज चौकापर्यंत जायचा. महाराणी म्हणणाऱ्याला ती विचारायची, "मंग? मुजरा कर ना."

मला तिचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, चांगला जळजळीत. मी एका हातानं पोळीचा घास आणि दुसऱ्या हातानं मशीनचं चाक, अशी जेवत होते. पाठीचा काटा ढिला झालेला. माझी पुण्याची नणंद मला रोज सकाळी मोबाइलवर गुलाबाच्या फुलाचं चित्र पाठवते, खाली लिहिलेलं असतं, स्वतःवर प्रेम करा, स्वतःसाठी वेळ काढा. त्याच नणंदेचे चार ब्लाउज तातडीचे म्हणून माझ्या टेबलावर पडलेले असतात. मी पोत्याकडं बघायचे आणि मनात म्हणायचे, ही बाई एक शब्द न बोलता जे करते ते आपल्याला का जमत नाही. मग पुन्हा चाक फिरवायचे.

यंदाच्या लग्नसराईत तिच्या दुपारच्या झोपेवर संकट आलं, आणि ते घरातूनच आलं. तिचा मुलगा गोवर्धन. वाईट नाही तो. मळा बघतो, ॲपे चालवतो, दिवसभर धावतो. पण आपण धावतो म्हणून घरातल्या कोणी बसू नये, अशी त्याची समजूत. दमलो हा शब्द त्याला शिवीसारखा लागतो. त्यानं ओमप्रकाश नावाच्या केटररशी बोलणं केलं. आमच्याकडच्या लग्नात सांबारवडी हवीच, आणि सांबारवडीच्या सारणाला सांबार लागतो तो टोपल्यांनी, तोही निवडलेला, जाड काड्या काढलेला. रात्रीच्या जेवणासाठी सारण दुपारी करायला घेतात. म्हणजे ऐन दुपारी निवडून तयार पाहिजे. गोवर्धननं हो म्हणून टाकलं आणि मग आईला सांगायला आला.

"माय, तू तं दुपारी बसूनच रायतं. निवडून देजो."

"बसून नाई रायत. झोपून रायतो."

"तेच ते."

"तेच ते नाई. सकाळी देतो निवडून, म्हनशीन तं पाह्यटी देतो. दुपारी नाई देत."

"अवो, थो दुपारीच मांगून रायला. धंदा हाये का मजाक?"

"मंग तू निवड."

गोवर्धन हसला. त्याला तो विनोद वाटला. पंचफुलाबाईनं पोतं ओढून घेतलं, आणि बोलणं संपलं. दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या ॲपेनं त्याची बायको येऊ लागली.

ज्योत्स्ना. बारीक अंगाची, कमी बोलणारी. तिच्या तोंडात पहिला शब्द हो, दुसराही हो. पहाटे सासूबरोबर सांबार तोडायचा, जुड्या बांधायच्या, सासू बाजाराला निघाली की स्वयंपाक, धुणं, सुट्टी लागल्यामुळं दिवसभर घरात धुमाकूळ घालणारी दोन पोरं, आणि मग डोक्यावर ऊन घेऊन ॲपेत बसून अकोला. येताना तिचा डबा बरोबर असायचा. तो उघडलेला मी फारसा पाहिला नाही. ती यायची, ढिगासमोर मांडी घालायची आणि निवडायला लागायची. पान एका टोपलीत, काडी दुसऱ्या बाजूला.

पंचफुलाबाई पोत्याखालून म्हणायची, "ये वो, पड जराशी इकडं."

"हे झालं का पडतो, आई."

हे कधीच व्हायचं नाही, कारण झालं की ओमप्रकाशची गाडी यायची, आणि गाडी गेली की घरी जायची घाई. पंचफुलाबाईचं घोरणं थांबलं. ती पोत्याखाली असायची, पण डोळे उघडे. एकदा मी तिला म्हटलं, मावशी, तुम्हीच निवडू लागा ना मग, तिला तेवढी मदत. ती माझ्यावर डाफरलीच.

"मी निवडू लागली का दोघीबी मरू. मंग गोवर्धन अजून एका लगनाची आर्डर घेईन. तुले समजत नाई का?"

मला समजलं. मीही लग्नसराईत एक ब्लाउज जास्तीचा घेतला की लोक पुढच्या वेळी दोन आणतात. तिनं गोवर्धनला दोनदा बजावलं की हिला दुपारची आणू नको. तो म्हणाला, तू करत नाही, तर कोण करेल. तुझी सून तर काही बोलत नाही, मग तुलाच काय झालं.

नवतप्यातला तो दिवस. मोठं लग्न, सांबाराचा ढीग नेहमीपेक्षा मोठा. लाइट सकाळीच गेलेली, माझा कूलर गप्प, मशीन पायानं चालवत होते आणि घाम कापडावर पडू नये म्हणून कपाळाला फडकं बांधलं होतं. रस्त्यावर माणूस नाही. ढिगावर ओलंचिंब पोतं, आणि ज्योत्स्ना त्याच्या खालून एकेक मूठ काढून निवडत होती. तिचा हात हळू झाला होता. मी मान वर केली की तिच्याकडं बघत होते, पण मला काही वेगळं दिसलं नाही.

पंचफुलाबाईला दिसलं. ती एकदम उठून बसली. ज्योत्स्ना पानं कचऱ्यात टाकत होती आणि काड्या टोपलीत.

"जोसना."

उत्तर नाही. काडी टोपलीत, पान कचऱ्यात.

पंचफुलाबाईनं तिच्या गालाला हात लावला आणि मला हाक मारली. मी कात्री हातात तशीच घेऊन पळाले. ज्योत्स्नाचं अंग कोरडं आणि गरम, नजर कुठंतरी भलतीकडं. आम्ही तिला छत्रीखाली आडवी केली. पंचफुलाबाईनं आपलं पोतं तिच्यावर टाकलं, पण ते वाळत आलं होतं. मग तिनं मागेपुढे न बघता सांबाराच्या ढिगावरचं चिंब पोतं खसकन ओढलं आणि सुनेच्या अंगावर पसरलं. सांबारासाठी ठेवलेला पाण्याचा कॅन उचलला आणि सगळाच्या सगळा तिच्या डोक्यावर, पोत्यावर रिकामा केला. सांबार उन्हात उघडा पडला. तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

मी लिंबू, मीठ, साखर घालून पाणी आणलं आणि ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पाणी प्यायली, नीट बोलू लागली तर ओली ठेवा, घोट घोट पाजत राहा आणि संध्याकाळी घेऊन या, त्याआधी जरा जरी बिघडलं तर तशीच उचलून आणा. ज्योत्स्ना प्यायली. थोड्या वेळानं तिला घाम सुटला, आपलं नाव विचारल्यावर तिनं सांगितलं आणि मग ती झोपली. झोप कसली, दगड. पंचफुलाबाई तिच्या उशाशी बसून पदरानं वारा घालत होती आणि तोंडानं अखंड शिव्या देत होती. त्या कोणाला होत्या ते मी विचारलं नाही.

तेवढ्यात गोवर्धनची ॲपे आली. तो उतरला आणि त्याची पहिली नजर गेली ती ढिगावर.

"सांबार उघडा काहून हाये?"

"पोतं कामात हाये," पंचफुलाबाई म्हणाली.

मग त्याला बायको दिसली. तो जरा गडबडला. काय झालं विचारलं, आम्ही सांगितलं. तो खाली वाकला, तिचं तोंड बघितलं, आता बरी आहे असं त्याला वाटलं असावं. त्याचं अर्धं लक्ष रस्त्याकडंच होतं.

"आता तं बरी हाये ना थे? उठोव तिले, माय. ओमप्रकाशभाऊची गाडी येऊन रायली. थोडंसंच रायलं."

"नाई."

"माय, सौदा जाईन."

"जाऊ दे. तिले हात लावू नोको."

तिनं आवाज चढवला नव्हता. पण ती सुनेच्या आणि मुलाच्या मधे अशी बसली होती की तिला ओलांडून जायला गोवर्धनला दुसरा जन्म घ्यावा लागला असता. तो चिडला. ॲपेतून प्लॅस्टिकची निळी ताडपत्री काढली, ढिगावर टाकली आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले.

"कोंडन थो त्याच्याखाली," पंचफुलाबाई म्हणाली.

"मले नोको शिकवू."

"नाई शिकवत."

मग तो निवडायला बसला. आयुष्यात पहिल्यांदा. ताडपत्रीखालून एकेक मूठ काढायची, पान तोडायचं, काडी टाकायची. माझ्या मशीनवरून त्याची पाठ दिसत होती. आधी तो उकिडवा बसला, मग मांडी घातली, मग एक पाय लांब केला, मग उठून उभा राहिला, कंबर मोडली, पुन्हा बसला. त्याच्या नव्या टोपलीचा तळसुद्धा झाकला नव्हता. दरम्यान शर्टाचा रंग पाठीवर बदलला होता. मला त्याची दया आली असं मी म्हणणार नाही.

ओमप्रकाश आला. गाडीतून उतरून त्यानं टोपलीत वाकून पाहिलं, मग स्वतःच ताडपत्री उचलली. खालून वाफ आली. सांबाराला पातेल्यात शिजवल्याचा वास येत होता, आणि पानं काळपट, एकमेकांना चिकटलेली. मे महिन्याच्या उन्हात प्लॅस्टिकखाली पाला ठेवला तर दुसरं काय होणार. पोत्याला वारा असतो, पाणी असतं. ताडपत्रीला नुसतं ऊन असतं. हे गोवर्धनला जन्मापासून माहीत होतं, फक्त घाईत आठवलं नाही.

"ये क्या है, गोवर्धन? ये तो उबल गया," ओमप्रकाश म्हणाला. "अब मैं बाराती को क्या खिलाऊँ?"

गोवर्धन काहीतरी बोलू लागला. पंचफुलाबाईनं मधेच त्याला थांबवलं. "भाऊ, पाह्यटी या. ताजा देतो, निवडेल देतो, एक काडी सापडली तं फेकून मारा. पन दुपारी आमी बंद हाओ. सगळेच."

ओमप्रकाशनं तिच्याकडं, पोत्याकडं, पोत्याखालच्या बाईकडं पाहिलं. "माँजी, शादी पहाटे नहीं होती," एवढं म्हणून तो गाडीत बसला आणि दुसरीकडं सांबार शोधायला गेला. तो पुन्हा आलेला नाही. पुढं येईल असंही वाटत नाही. पंचफुलाबाईच्या गाठोड्यात मात्र आता तिसरं पोतं असतं, सुनेसाठी.

गोवर्धन ढिगाजवळ बसून राहिला. आता त्याचा राग बाहेर पडला. पाहिलं ना माय, गेला सौदा, सगळी लग्नसराई गेली, मळ्यात जाळी ताणली, पाणी घातलं, सगळं फुकट. एका पोत्यासाठी. एका दुपारच्या झोपेसाठी. तिनं त्याला पुरतं बोलू दिलं.

"झालं? आता आईक," ती म्हणाली. "मांगच्या साली मी इतंच पडली होती. तवा सांबार वाचला होता, एक पान वाळलं नाई. कुठं हाये थो सांबार आता? दाखव मले. लोकायनं खाल्ला, इसरले. मी आहो. मी दुपारची झोपू लागली ना, म्हून तुले दिसून रायली, नाई तं फोटोत रायली असती. पाला पुन्हा उगवते, गोवर्धन. आठ दिसात उगवते. हे पोरगी उगवन का?"

मी मशीन थांबवलं होतं. पोत्यातून गळणारं पाणी ऐकू येत होतं.

तेवढ्यात पोत्याखाली हालचाल झाली. ज्योत्स्नानं डोळे किलकिले केले. तिला आधी छत्री दिसली असेल, मग सासू. तिनं ओठांवरून जीभ फिरवली.

"आई," ती म्हणाली, "सांबार झाकला का?"

तेच शब्द, तोच आवाज, जसा काही हा प्रश्न या घरात सासू सुनेला दागिन्यांबरोबर देते. पंचफुलाबाईनं तिच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले.

"नाई झाकला," ती म्हणाली. "तुले झाकलं."

ज्योत्स्नानं उठायचा प्रयत्न केला, आणि पंचफुलाबाईनं छातीवर तळवा ठेवून तिला परत खाली टेकवलं. गोवर्धन उठला. मला वाटलं, ॲपे काढून निघून जाणार. त्यानं रिकामा कॅन उचलला, चौकातल्या नळावर गेला, भरून आणला, आणि बायकोच्या पायाशी उभा राहून, कुठून सुरुवात करावी ते न कळल्यासारखा, पोत्यावर बदाबदा ओतायला लागला.

"हलक्या हातानं बे," पंचफुलाबाई म्हणाली. "पाल्यावर शिपडतं तसं."